दोन नंबरच्या मशीनचा ठेका

चारुदत्त मुळ्येला दोन नाद होते, आणि दोन्हींपायी रत्नागिरीतली त्याची माणसं त्याला थोडा चक्रम समजत. एक, कंपन्यांचे इतिहास वाचायचे. दुसरा, रॉक आणि मेटल ऐकायचं, तेही शेजारी दार लावून घेईल इतक्या मोठ्यानं.

गाण्यांचा नाद आधीचा. पूर्णगडचा काशीराम नावाचा त्याचा शाळासोबती बोटीवर लागला, आणि पहिल्या सुट्टीत येताना दोन कॅसेटी घेऊन आला. कव्हरवर कवट्या आणि जाळ. चारुदत्तच्या आईनं त्या देवघरासमोरून न्यायला बंदी घातली, म्हणून तो मागच्या पडवीतून न्यायचा. वय सतरा. लहानपणापासून गणपतीत आरत्यांना पखवाज वाजवलेला. आरती चढत चढत द्रुतात गेली की पखवाज आणि झांजा एक होऊन अंगावर येतात, नेमकं तेच या परक्या माणसांनी विजेच्या गिटारी घेऊन केलंय, असं त्याचं म्हणणं. शब्द त्याला पुढची दहा वर्षं कळले नाहीत. कळायची गरजही वाटली नाही. ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी दोन ढोल घुमवतो, आणि ते इतक्या जलद चालू असतानाही सम कशी चुकत नाही, हे ऐकण्यात त्याचा तासच्या तास जाई.

इतिहासाचा नाद लग्नानंतरचा. त्याची बायको उल्का शाळेत शिक्षिका. एकदा वाचनालयातून तिनं आपल्यासाठी कादंबरी आणली आणि चुकून तिच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं, एका बुडालेल्या आगबोट कंपनीचं. कादंबरी तशीच परत गेली. चारुदत्तनं ते पुस्तक चार दिवसांत संपवलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. मग कापडगिरण्या, बँका, घड्याळवाले, बिस्किटवाले, फोटोच्या फिल्मवाले. इंग्रजी पुस्तकं तो डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचे. त्याला सुरुवातीची प्रकरणं फार आवडत. कुणीतरी बैलगाडीतून पहिलं यंत्र आणतो, ते चालत नाही, गावातले हसतात, आणि एका सकाळी ते धडधडायला लागतं. असं काही वाचलं की तो स्वयंपाकघरात जाऊन उल्काला पान वाचून दाखवी आणि तिची कणीक तशीच राही.

पण पेन्सिलीच्या खुणा असत त्या शेवटच्या आधीच्या प्रकरणात. "कंपनी शेवटच्या प्रकरणात मरत नाही," तो उल्काला सांगे. "शेवटच्यात नुसतं कळतं. मरते ती त्याच्या आधीच्यात. आणि तिथे सगळे खूष असतात, बघ."

पोटापाण्याला तो मथुरा मरीनमध्ये होता. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला हा मासळी गोठवायचा कारखाना. कोळंबी आणि म्हाकूळ सोलून, गोठवून, कंटेनरनं परदेशी पाठवायचं. गोठवायला अमोनिया वायू लागतो, आणि तो फिरवायला कॉम्प्रेसर. आयटीआयतून निघाला तो चारुदत्त थेट त्या कॉम्प्रेसर रूममध्ये आला आणि बत्तीस वर्षं तिथेच राहिला. तीन मोठी मशीनं. कारखान्याचे संस्थापक आत्मारामशेठ (आईच्या नावावरून कारखान्याचं नाव मथुरा) त्याला म्हणायचे, "मुळ्ये, तू मासा खात नाहीस, म्हणून तुझ्यावर माझा विश्वास. तू फक्त यंत्र बघतोस."

आत्मारामशेठ कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा गंधार गादीवर आला. शिकलेला, मृदू बोलणारा, कामगारांच्या घरच्या लग्नाला न चुकता हजर राहणारा. वाईट माणूस नव्हे. पुढच्याच वर्षी फाटकाला नवा रंग लागला, दर्शनी बाजूला काचेचा स्वागतकक्ष आला, नवं बोधचिन्ह आलं. सगळे खूष होते. चारुदत्तही चहा पिताना त्या काचेकडे कौतुकानं बघायचा. पण ही काच त्यानं कुठेतरी वाचली होती. एकदा नव्हे, चारपाच पुस्तकांत.

ऑगस्टमध्ये गंधारनं त्याला बोलावून घेतलं.

"मुळ्येकाका, जानेवारीत आपल्याला चाळीस वर्षं होतायत. तुम्ही कंपन्यांचे इतिहास वाचता ना? मग आपला लिहा. शंभरेक पानं. छापू आपण."

चारुदत्तला दोन दिवस जेवणाचं भान राहिलं नाही, इतका आनंद झाला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्या वाचल्या, आता आपली लिहायची. शिफ्ट संपली की तो दप्तराच्या खोलीत बसू लागला. पहिली प्रकरणं झरझर आली. मिरकरवाड्याच्या जेटीवर आत्मारामशेठ स्वतः टोपल्या उचलत तो काळ. पहिलं मशीन रस्त्यात दरडीनं अडकलं आणि आठ दिवस ट्रकवरच राहिलं, ती गोष्ट.

मग त्याच्या हाती दुरुस्तीच्या वह्या लागल्या. आत्मारामशेठांच्या वेळी पावसाळी मासेमारी बंद झाली की कारखानाही दोन महिने बंद. मशीनं खोलायची, बेअरिंगं बदलायची, पाईपांवरचं वेष्टन काढून खालचा गंज खरवडायचा. दर वर्षी चाळीस चाळीस पानं त्याच अक्षरात भरलेली. गंधार आल्यावर पावसाळ्यात गुजरातेतून माल आणून कारखाना बारमाही केला. हे चारुदत्तला ठाऊक होतं, तोच तर मशीनं चालवत होता. पण वहीत ते बघणं वेगळं. २०२२ च्या पानावर तीन ओळी. २०२३ च्या पानावर तारीख आणि 'पुढील वर्षी'. त्यापुढची पानं कोरी.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळच्या शिफ्टला, दोन नंबरच्या मशीनचा ठेका त्याला लंगडा वाटला.

त्याचा जोडीदार बाबल्या तेव्हा गेज वाचून वहीत लिहीत होता. बाबल्या पूर्णगडचा, चाळिशीचा, बापजाद्यांची होडी विकून इकडे आलेला. चारुदत्तनं त्याला मशीन शिकवलं आणि मेटलही. जेवणाच्या सुट्टीत एक इयरफोन याच्या कानात, एक त्याच्या, असे दोघे भिंतीला टेकून माना हलवत बसत आणि सोलणाऱ्या बाया त्यांना हसत.

"बाबल्या, ऐक," चारुदत्त म्हणाला. "सहा ठोके बरोबर पडतायत. मग एक किंचित मागे राहतो. जसा ड्रमवाल्याचा एक पाय भरून आलाय."

बाबल्यानं डोळे मिटले. "मला नाय कळत, काका. काटे तर बरोबर हायत."

"काटे नंतर सांगतात."

त्यानं मेंटेनन्सला चिठ्ठी दिली. कंत्राटदाराचा माणूस आला, हात लावून गेला. ऑक्टोबरात पुन्हा चिठ्ठी. ठेका कधी आठवडाभर सरळ चाले, मग परत लंगडा. मशीनमधून दाबलेला गॅस बाहेर नेणाऱ्या डिलिव्हरीच्या पाईपला बारीक थरथर आली होती. वेष्टनाखाली तो पाईप कसा असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तीन वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. चारुदत्त घरी येऊन तीच तीच पानं उघडायचा. इतरांच्या शेवटच्या आधीच्या प्रकरणांतले सगळे खूष लोक त्याला आता ओळखीचे वाटू लागले. त्यांतल्या कुठल्याही कंपनीत एखादा यंत्रावरचा माणूस असेल, त्याला आधी ऐकू आलं असेल. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

डिसेंबरात त्यानं पुस्तक पूर्ण केलं. शेवटून दुसरं प्रकरण त्यानं दुरुस्तीच्या वह्यांवर लिहिलं. तारखा, कोरी पानं, दोन नंबरचा आवाज, पाईपची थरथर. एकही विशेषण घातलं नाही.

गंधारनं ते वाचलं. त्याच्यासमोरच वाचलं, सावकाश.

"काका, हे खरं असेलही. मे महिन्यात बघू आपण, नक्की. पण ही चाळिशीची आठवण आहे, तक्रारवही नव्हे." त्यानं ती नऊ पानं अलगद बाजूला काढली आणि चारुदत्तच्या हातात दिली. "बाकी फार सुंदर झालंय. बाबा असते तर रडले असते."

समारंभ जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी. पुढच्या फाटकापाशी मांडव, झेंडूची तोरणं, पाहुण्यांसाठी कोच. आत काम चालूच होतं, कारण दुपारी कंटेनर निघायचा होता. सोलण्याच्या हॉलमध्ये नव्वद बाया, पांढऱ्या टोप्या आणि गमबूट घालून.

दहाच्या सुमाराला दोन नंबरचा ठेका तुटला. चारुदत्तच्या कानाला तो मागे पडला नाही, चक्क तुटला. आणि पाईप हाताला चावल्यासारखा लागला.

त्यानं कुणाला विचारलं नाही. मशीन बंद केलं, भोंगा दाबला आणि हॉलमध्ये धावत गेला. "कामं टाका. पदर ओले करा, नाकाला लावा. पुढच्या फाटकानं नको, मागनं चला."

सोनूबाई त्या बायांची मुकादम, मिरकरवाड्याची. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मागनं का वो, काका?"

"आत्ता मतलई आहे. वारा सड्याकडून समुद्राकडे. गॅस पुढे जाईल, मांडवाकडे. आपण वाऱ्याच्या तोंडावर जायचं."

वाऱ्याचं सोनूबाईला शिकवावं लागत नव्हतं. मागच्या दाराला कुलूप होतं आणि समोर खोक्यांची थप्पी. ती ढकलली, चारुदत्तनं कुलूप पहारीनं तोडलं, आणि नव्वद बाया मागच्या सड्याच्या उघड्या कातळावर जाऊन उन्हात बसल्या.

काहीच झालं नाही.

तासाभरानं कंत्राटदाराचे दोघे आले. वरचं झाकण खोललं, पाहिलं, पुन्हा लावलं. मशीन सुरू केलं. ते स्वच्छ चाललं, एकसारखं, नव्यासारखं. चारुदत्त समोर उभा राहून ऐकत होता आणि त्याला त्यात काहीही चुकलेलं ऐकू येत नव्हतं. पाहुणे भाषण न करताच गेले होते. गंधार त्याच्यापाशी आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काका, घरी जा. बोलावतो मी."

दुपारी पुस्तकं वाटली गेली. वर चारुदत्तचं नाव होतं. त्याची प्रत बाबल्यानं घरी आणून दिली.

पुढचे दिवस वाईट गेले. निलंबनाचं पत्र आलं, पण त्यापेक्षा त्याला स्वतःचा कान खाऊ लागला. सदतीस वर्षं कानठळ्या बसवणारं ऐकलं, बत्तीस वर्षं मशीनं ऐकली. नसलेलंच ऐकू आलं असेल तर? उल्का त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची रेघ दाखवली. वरच्या पट्टीतलं बरंच गेलेलं होतं. पाखरं, घुंगरू, कुकरची बारीक शिट्टी.

"आणि खालचं?" त्यानं विचारलं.

"खर्जातलं तुम्हाला अजून स्वच्छ ऐकू येतं."

रिक्षात बसल्यावर उल्का म्हणाली, "मग तुम्ही चुकला नव्हतात."

"तेच तर," तो म्हणाला. आपण चुकलोय, असं डॉक्टरांनी सांगावं म्हणून तो गेला होता, हे तिला तेव्हा कळलं.

बाबल्या रोज फोन करायचा. बोलणं थोडंच. "ऐका काका," म्हणायचा आणि फोन दोन नंबरपाशी धरायचा. चारुदत्त डोळे मिटून ऐकायचा. सरळ. सरळ. आज किंचित लंगडा. आज सरळ. उल्का शाळेत गेलेली असे, घरात बाकी आवाज नसे, आणि त्या एवढ्याशा फोनमधून मशीन खोलीभर भरून राही. गाणी त्यानं लावणंच सोडलं होतं. मागच्या दाराचं काय, त्यानं एकदा विचारलं.

"नवं कुलूप घातलान. चावी हापिसात."

"गंधारशेठना सांग, मी सांगितलंय म्हणून. ते उघडं ठेवा."

"सांगितलं, काका."

एकोणिसाव्या दिवशी फोन लवकर आला. चारुदत्त हातात चहाचा कप घेऊन ऐकू लागला. ठेका लंगडा नव्हता. तुटलेलाही नव्हता. दोन ठोके एकावर एक पडत होते आणि त्यांच्या खाली, अगदी खर्जात, काहीतरी घासत होतं.

"बाबल्या, बंद कर. आत्ता. भोंगा दे आणि बाहेर पड."

"सायबाला विचारतो अन्..."

"विचारू नकोस. दाब तो लाल खटका."

खट्ट असा आवाज आला. भोंगा सुरू झाला. मशीनचा आवाज उतरत गेला आणि चारुदत्तनं श्वास सोडला. तेवढ्यात फोनमध्ये कापड फाटावं तसा एक लांब आवाज आला, आणि बाबल्याचा खोकला, आणि मग काही नाही.

तो स्कूटरवर कसा बसला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. एमआयडीसीच्या वळणावरच डोळे चुरचुरू लागले. पुढच्या फाटकापाशी धुक्यासारखा पांढरा थर जमिनीसरसा पसरत होता आणि काचेच्या स्वागतकक्षात कुणीच नव्हतं. त्यानं स्कूटर टाकली, वळसा घालून सड्याकडून मागच्या बाजूला धावला.

बाया कातळावर होत्या. ओले पदर नाकाला. कुणी ओकत होत्या, कुणी आसवं गाळत होत्या, पण होत्या. सोनूबाई मोजत होती, बोटानं एकेकीकडे दाखवून. नव्वद झाल्यावर तिनं चारुदत्तला पाहिलं. तिच्या हातात बर्फ फोडायची पहार होती, आणि मागचं दार कडीसकट उखडलेलं होतं.

"आमी मागंच आलो," ती म्हणाली. "तुमी दाखवलात तसं. कुलूप नाय तुटलं, मग दारच काढलं."

"बाबल्या?"

तिनं मान आत वळवली. "तो परत गेला. नळ बंद करायला."

अमोनिया साठवायच्या टाकीच्या तोंडाशी एक मोठा व्हॉल्व्ह असतो. तो फिरवला की उरलेला गॅस टाकीतच राहतो. पहिल्याच आठवड्यात चारुदत्तनं बाबल्याला ते शिकवलं होतं. काहीही झालं तरी आधी तो. नाकावर मास्क चढवून, हेही शिकवलं होतं. मास्कची पेटी भिंतीवर होती. तिच्यातल्या मास्कच्या, गॅस गाळणाऱ्या डबीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती.

अग्निशामक दलाला बाबल्या व्हॉल्व्हपाशी पडलेला सापडला. व्हॉल्व्ह पूर्ण फिरवलेला होता.

तो वाचला. अकरा दिवस नळ्यांवर होता. चारुदत्त रोज दवाखान्याच्या बाकावर बसे. चौथ्या दिवशी गंधार आला आणि त्याच्या शेजारी बसला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

"ती नऊ पानं," गंधार म्हणाला. "अजून कुणी वाचलीत?"

"तुम्ही वाचलीत," चारुदत्त म्हणाला.

गंधार उठला नाही. थोड्या वेळानं चारुदत्तच उठून व्हरांड्यात गेला. त्याला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. पानं हातात परत मिळाली तेव्हा ती घेऊन आपण गप्प घरी गेलो आणि पुस्तकावर आपलं नाव छापू दिलं, हे त्याला डाचत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ती पानं चौकशीच्या अधिकाऱ्यांकडे नेऊन दिली.

कारखान्याला टाळं लागलं. बाया दुसऱ्या कारखान्यांत गेल्या, काही घरी बसल्या. सोनूबाई आता जेटीवर मासळी निवडते, आणि चारुदत्तला रस्त्यात भेटली की दोन वाक्यं बोलते, त्यापलीकडे नाही. गंधारवर खटला उभा राहिला, तो चालू आहे. चारुदत्तला आंब्याच्या एका कॅनिंगवाल्यानं बोलावलं होतं, पण शीतगृहाच्या दारापर्यंत जाऊन तो परत आला. पाय आत पडेना.

बाबल्या मार्चमध्ये पूर्णगडला घरी गेला. एक डोळा धुरकट झालेला, आणि आवाज गेलेला. गेलेला म्हणजे, घशातून खरखरीत, खोल, गुरगुरल्यासारखं काहीतरी येई. चारुदत्त भेटायला गेला तेव्हा बाबल्याची बायको आरोही चहा ठेवून बाहेर गेली, आणि बाबल्या म्हणाला,

"काका, आता मला पण त्यांच्यासारखं गाता येईल."

तो हसत होता. चारुदत्तला हसता आलं नाही. सदतीस वर्षं तो मेटल गाणाऱ्यांच्या अशाच गुरगुरत्या आवाजांवर जीव टाकत आला होता, आणि आता समोरच्या खाटेवर तो आवाज चहा घ्या म्हणत होता. त्या दिवशी घरी येऊन त्यानं सगळ्या कॅसेटी, सीड्या, हेडफोन एका खोक्यात भरले. खोकं माळ्यावर गेलं.

पुस्तकं मात्र त्यानं सोडली नाहीत. पावसाळ्यात त्यानं नवी वही घेतली आणि मथुरा मरीनचा इतिहास पुन्हा लिहायला घेतला. यावेळी कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं. नऊ पानं मूळच्या जागी घातली. मग शेवटचं प्रकरण. त्यात त्यानं माणसांची नावं लिहिली. नव्वद बायांची यादी सोनूबाईकडून आणली. पहार कुणी धरली, खोकी कुणी ढकलली, व्हॉल्व्ह कुणी फिरवला. लिहिताना कधी कधी तो दार ओढून घेई, आणि उल्का स्वयंपाकघरातून ऐकत राही. आत काहीच आवाज नसे.

प्रकरण झालं तेव्हा तो वही घेऊन एसटीनं पूर्णगडला गेला. बाबल्या ओट्यावर बसला होता, चांगला डोळा वहीजवळ नेऊन. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यानं सगळं वाचलं. दोनदा थांबला. एका पानावर बोट टेकवून म्हणाला,

"हे चुकलंय, काका."

"काय?"

"दहा चाळीस नाय. दहा पस्तीसला मी मशीन बंद केलं. मी घड्याळ बघितलंय." खोकला आला, तो ओसरेपर्यंत तो थांबला. "अन् लिवा, की सायबाला विचारलं नाय म्हणून."

चारुदत्तनं खिशातून खोडरबर काढलं, चाळीस खोडलं, आणि तिथे पस्तीस लिहिलं.